चार आणि एक

तामदा, २२ सप्टेंबर

प्रिय तूदा,

तुझ्या दादाचा सलाम. आपल्या घरी सगळे सुखरूप आहेत, अल्लाहची मेहेरबानी. हे पत्र बाजारच्या दिवशी ट्रकवाल्याकडे देईन. रबातला तुझ्या हाती पडेल तोवर इथले अक्रोड झोडपून झालेले असतील.

खानेसुमारी परवा संपली. अठरा दिवस गळ्यात फोटोचा बिल्ला अडकवून आपल्याच गावात परक्यासारखा हिंडलो. इज्जा म्हणाली, "बाबा, फोटोत तुम्ही कोंबडी चोरताना सापडल्यासारखे दिसता." एरवी मास्तर म्हणून मुलांची चौकशी करायला गेलो तर कुत्री भुंकत नाहीत, पण बिल्ला दिसला की भुंकतात. असं का, ते मला कळलेलं नाही.

आधी तालुक्याला आम्हा मास्तरांना मोजणीचं शिक्षण दिलं. शिकवणारे साहेब पुन्हा पुन्हा सांगत होते, "घरचा माणूस सांगेल तेच लिहा. पदरचं काही घालू नका." मग कुराणावर हात ठेवून शपथ झाली की कोणाचं काय लिहिलं ते बाहेर बोलणार नाही. म्हणून इथे फक्त तेवढंच लिहितो जे आपल्या म्हाताऱ्या लल्ला यामनाने स्वतःच झऱ्यावर साऱ्या गावाला सांगितलं आहे.

तुला आठवतं ना, चाराच्या पुढचा आणि सहाच्या अलीकडचा आकडा आपल्यात कोणी कोणाच्या तोंडावर उच्चारत नाही. पंजा उगारून समोरच्याच्या डोळ्यांत घातल्यासारखं ते होतं. लेकराबाळांच्या बाबतीत तर नाहीच नाही. लोक म्हणतात "तुझ्या हाताएवढी", आणि ऐकणाऱ्याला कळतं. मी विचारलं, "लल्ला, घरात माणसं किती?" म्हातारीने सवयीने माझ्या हाताकडे बोट केलं, आणि मग तिचं लक्ष गेलं. लहानपणी पाणचक्कीत गेलेली माझी करंगळी तिला आठवली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुझ्या हाताएवढी म्हटलं तर माझा एक नातू कमी व्हायचा रे हद्दू! चार आणि एक लिही."

मी पेन टेकवलं तशी तिने माझं मनगट धरलं. "तो आकडा काढू नकोस हं. कागद सरकारी असला तरी नजर सरकारी नसते."

मी विचार केला. साहेबांनी सांगितलंय, घरचा माणूस सांगेल तेच लिहा. कागदावर माणसांच्या संख्येसाठी दोन चौकटी होत्या. पहिलीत चार लिहिले, दुसरीत एक, आणि मधल्या रेघेवर बारीकसं अधिकचं चिन्ह. म्हातारी खूश. ही गोष्ट तासाभरात झऱ्यावर पोचली आणि तेवढीच माणसं असलेल्या सगळ्या घरांतल्या बायांनी "आमचंही यामनासारखंच लिही" म्हणून सांगितलं. मीही लिहिलं. शिकल्यासवरलेल्या माणसाला त्यात न कळण्यासारखं काय आहे?

आता खरं बोलतो. या मोजणीत माझाही जीव अडकलाय. साहेब म्हणाले, जिथे सहाशे माणसं भरतील तिथे सातवीपासूनची शाळा देण्याचा विचार आहे, आणि आपल्या तालुक्याच्या वाट्याला ती एकच आहे. इज्जा या वर्षी सहावीत आहे. तू शिकलीस ती शहरात मावशी होती म्हणून. मावशी आता नाही. वीस वर्षं मी मुलींना सहावीपर्यंत शिकवतो आणि पुढच्या वर्षी त्याच मुली पाठीवर गवताचा भारा घेऊन शाळेवरून जाताना मला सलाम करतात. इज्जाचा सलाम मला तसा घ्यायचा नाही.

तामदा सहाशेपर्यंत पोचेल असं मला वाटत नाही. पण गावचा मुकादम मोहाला वाटतं. तो सकाळपासून गाढवंसुद्धा मोजतोय.

तुझा,
हद्दू


रबात, ३० ऑक्टोबर

दादा,

रमजानचा सलाम. मला नोकरी लागली! आणि कुठे, सांग? तुम्ही मास्तर लोकांनी भरलेले कागद जिथे येतात तिथेच. कंत्राटी आहे, पण खुर्ची गरगर फिरते.

तुझे कागद कोणी वाचत नाही रे. म्हणजे माणूस वाचत नाही. मोठं यंत्र आहे, ते कागद गिळतं आणि नुसते आकडे ओकतं. त्याला जिथे अडखळायला होतं ती चौकट माझ्या पडद्यावर येते. नाव नाही, गाव नाही, फक्त एक लांबलचक क्रमांक आणि दोन चौकटी. मी 'मान्य' किंवा 'शंका' दाबायचं. दिवसाला हजार चौकटी. संध्याकाळी रोजा सोडताना हरीऱ्याचं सूप प्यायला बसले की वाटीतले हरभरेसुद्धा मोजावेसे वाटतात.

आमच्या कचेरीतल्या मोठ्या बाई सांगतात, या चौकटींवरूनच पुढे ठरतं की नळ कुठे, दवाखाना कुठे, रस्ता कुठून. नावांची पानं वर्षभराने वाचली जातील. आधी नुसती बेरीज, आणि पहिल्या याद्या त्या बेरजेवरून. तेव्हा दादा, तुझी शाळा आत्ता माझ्यासारख्या कुठल्यातरी मुलीच्या बोटाखाली आहे.

मीही शपथ घेतलीय, पण ज्याचं नावच मला ठाऊक नाही ते सांगायला हरकत नसावी. क्रमांकाच्या सुरुवातीवरून एवढंच कळतं की कुठल्याशा डोंगरातलं गाव आहे. तिथे एका घरात एकेचाळीस माणसं! एखाद्या घरात असतील, म्हण. पण अशी अकरा घरं, आणि प्रत्येक घरात बरोबर एकेचाळीस! ना चाळीस, ना बेचाळीस. मुलगा झाला की म्हातारा मरतो की काय? शेजारची मुलगी म्हणाली, "जेवायला बसत असतील तर नमाजासारख्या रांगा लावाव्या लागत असतील." मी ती अकरा पानं बाजूला ठेवलीत. रोज थोडी बघते आणि हसते.

इज्जाला पापा. लल्ला यामनाची गोष्ट घाईत वाचली, ईदला नीट वाचेन.

तूदा


तामदा, १६ नोव्हेंबर

प्रिय तूदा,

ईद मुबारक. तुझं पत्र मी मशिदीसमोर मोठ्याने वाचलं, फिरणाऱ्या खुर्चीसकट. एकेचाळीसच्या घरांना लोक इतके हसले की इमामसाहेबांना आत जावं लागलं.

मग मुकादम मोहा हसायचा थांबला. म्हणाला, "हे अस्रीरवाल्यांचं काम आहे."

अस्रीर तुला आठवतच असेल. नदीपलीकडचं गाव, पुलाजवळच्या अक्रोडावरून आपलं ज्यांच्याशी तीस वर्षं भांडण आहे. मोहा म्हणाला, "शाळा पळवायला घरात माणसं कोंबलीत त्यांनी. एकेचाळीस! अकलेचीसुद्धा मोजणी व्हायला हवी होती." आणि तो काठावर जाऊन ओरडला, "अरे ए, एकेचाळीस! नाश्ता झाला का सगळ्यांचा?" पलीकडून कोणीतरी ओरडलं, "कसले एकेचाळीस? डोकं फिरलं का?" मोहा म्हणाला, "बघा, कसे कांगावा करतायत."

मी स्वतः म्हणेन की इतकं उघड खोटं लिहिणाऱ्या मास्तराची मला कीव येते. शपथ घेऊन माणूस असं कसं करतो? त्याच्यासाठी मी दुआ मागितली. तू 'शंका' दाबून मोकळी हो, बाई. हसत काय बसलीस!

इज्जा पहिल्या चाचणीत पहिली आली. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, फक्त तुला आणि इमामसाहेबांना, आणि ट्रकवाल्याला.

हद्दू


रबात, २ डिसेंबर

दादा,

काल तुझं सप्टेंबरचं पत्र शोधून नीट वाचलं. मग ती अकरा पानं पुन्हा उघडली.

तू चौकटीत चार लिहिलेस, शेजारी एक, मधे बारीकसं चिन्ह. दादा, यंत्राला बारीक चिन्ह दिसत नाही.

ते अकरा घरांचं गाव अस्रीर नाही रे.

हसू नकोस अजून. मी शपथ मोडून बोलतेय, म्हणून पत्र वाचून चुलीत घाल. त्या क्रमांकाखालची बेरीज मी पाहिली. आहे तसं राहिलं तर तामदा सहाशे ऐंशी होतं. मी 'मान्य' दाबलं तर कोणी काही विचारणार नाही. डोंगरात मोठी घरं असतात असा इथे सगळ्यांचाच समज आहे. 'शंका' दाबलं तर तपासनीस येईल आणि बेरीज येईल दोनशे चौऱ्याऐंशीवर. मग शाळा गेलीच.

महिनाअखेरपर्यंत ती पानं माझ्यापाशी आहेत. मावशी नसती तर मीही गवताचा भाराच वाहिला असता, हे मी विसरलेले नाही. माझं बोट 'मान्य'कडे जातं, खोटं कशाला सांगू? तू मोठा आहेस. तू सांगशील ते दाबेन.

तूदा


तामदा, १२ डिसेंबर

प्रिय तूदा,

ज्या मास्तराची कीव करून मी दुआ मागितली तो मीच निघालो. दुआ वाया गेली नाही म्हणायची.

पत्र चुलीत घालण्याआधी इज्जाला वाचून दाखवलं, कारण हे तिचंच आहे. आधी ती पोट धरून हसली. मग शाळेचं काय, ते तिच्या ध्यानात आलं. मोहाला मी फक्त माझी चूक सांगितली, तुझं नाव नाही. तो लगेच म्हणाला, "मास्तर, तोंड मिटून बस. देवानेच माणसं वाढवली."

मी म्हटलं, "मोहा, जन्माला न घालता तीनशे शहाण्णव?"

"त्याला काय अशक्य आहे? तू नमाज पढतोस ना?"

नमाजात मन लागेना. मला सारखं वाटत होतं, ही न जन्मलेली माणसं आपल्या बाकांवर येऊन बसतील कशी? बाक तर एकाच शाळेचे आहेत. डोंगराच्या त्या अंगाला कुठेतरी खरंच सहाशे माणसांचं गाव असेल, तिथे सहावीतली एखादी मुलगी असेल. तिच्या बसायच्या जागेवर मी माझं अधिकचं चिन्ह ठेवणार. मी इज्जाचा बाप आहे, पण मास्तर त्या मुलीचाही आहे.

इज्जाला हे सांगितलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता विचारलं, "बाबा, त्या मुलीचं नाव काय असेल?"

तूदा, 'शंका' दाब.

आणखी एक केलंय. रीतीप्रमाणे साखरेची मोठी शंकूसारखी ढेप निळ्या कागदात गुंडाळली आणि अस्रीरला गेलो, माफी मागायला. उगाच चोर ठरवलं होतं त्यांना. तिथला मास्तर दारातच म्हणाला, "साखर परत न्या हो. घरात एकेचाळीस जण तुमच्या, तुम्हालाच पुरायची नाही." म्हणजे गोष्ट नदी ओलांडून माझ्याआधी पोचली होती! मग चहा झाला. त्याचीही मुलगी सहावीतच आहे. त्याच्या गावचा आकडा त्याने सांगितला नाही, शपथेचा माणूस. पण तोही मान खाली घालून म्हणाला, "आमचंही भरत नाही."

मी म्हटलं, "पूल तर एकच आहे."

आम्ही दोघांनी मिळून एक अर्ज लिहिला आहे, तो सोबत धाडतोय. दोन्ही गावं वेगळी मोजा, पण शाळेसाठी एकत्र धरा. शाळा पुलाजवळ, त्या अक्रोडाखाली. झाड कोणाचं ते मुलं ठरवतील. दोन्ही मुकादमांच्या सह्या मिळायला तीन चहा आणि दोन शिव्या लागल्या.

हद्दू


रबात, २४ डिसेंबर

दादा,

दाबलं. अकरा वेळा.

बाईंनी मला बोलावून विचारलं की ही पानं इतके दिवस अडवून का ठेवली. काय सांगणार? सांगितलं की हे माझ्या भावाचं अक्षर असावं. आणि तो आकडा आमच्यात बोलत नाहीत हेही. बाई आधी रागावल्या. आता आपल्या डोंगरातलं एकही पान माझ्याकडे येणार नाही. मग त्यांनी ती पानं स्वतः बघितली, भिंग लावून. तुझं अधिकचं चिन्ह सापडलं! एकदम मुंगीएवढं. म्हणाल्या, "माझी आजीसुद्धा 'चार आणि एक'च म्हणायची." आणि डोळे पुसायला लागल्या. हसून की कशाने, ते कळलं नाही.

बर्फ वितळलं की तपासनीस येईल. तुमचा अर्ज मी बाईंना दिला. त्यांनी फक्त "हं" म्हटलं.

तूदा


तामदा, १८ मार्च

प्रिय तूदा,

तपासनीस खेचरावर बसून आला आणि चालत गेला. पाय दुखतात पण खेचर नको म्हणाला. अकरा घरं मोजली, दोन्ही गावं हिंडला, पुलावर बराच वेळ उभा राहिला. वहीत काहीतरी खरडलं आणि निघाला.

लल्ला यामनाच्या घरी एक गोष्ट घडली. पण म्हातारीने मला दाराबाहेर गाठून बजावलंय, "शाळेला दार बसेपर्यंत कोणाला सांगायचं नाही. तुझ्या बहिणीलाही नाही, ती तर मोठ्यांदा हसते." तेव्हा लिहीत नाही.

हद्दू


रबात, १९ जून

दादा!

यादी लागली. आता ती जाहीर आहे, कोणीही वाचू शकतं, म्हणून लिहिताना शपथेची भीती नाही. मी भिंतीपुढे उभी राहून तीनदा वाचली. तामदा २८४, अस्रीर ३३८, एकत्र ६२२. सातवीपासूनची शाळा, जागा: दोन्ही गावांमधला पूल. शेऱ्यात कोणीतरी लिहिलंय, "पूल प्रत्यक्ष पाहिला."

डोंगराच्या त्या अंगाला सहाशे भरलेलं एक गाव निघालं, ते तुझं खरंच होतं. यादीत आधी त्यांचीच ओळ शोधली. त्यांनाही मिळाली! यंदा तालुक्याला एकाऐवजी दोन दिल्यात. त्या मुलीचं नाव काही तिथे लिहिलेलं नाही. इज्जाला सांग.

आता मला लल्ला यामनाची गोष्ट हवी. आणि शाळा उघडली की कळव, पहिल्या दिवशी तामद्याच्या मुली किती?

तूदा


तामदा, २१ सप्टेंबर

प्रिय तूदा,

शाळा उघडली. इमारत अजून नाही. पुलाजवळच्या जुन्या गोदामाच्या दोन खोल्या झाडून चुना लावला आहे. दार काल बसलं. अस्रीरच्या सुताराने बनवलं आणि आपल्या मोहाने ते उलटं लावलं, त्यामुळे ते बाहेरच्या बाजूला उघडतं. दोन्ही गावं आता अक्रोडाऐवजी दारावरून भांडतात.

दार बसलं, तेव्हा गोष्ट सांगायला मी मोकळा.

तपासनीस यामनाच्या ओट्यावर बसला. तरुण होता, आणि बोटं सगळी जागच्या जागी, हे मी चहाच्या वेळी पाहिलं होतं. विचारलं, "आजी, घरात माणसं किती?" म्हातारीने त्याच्या हाताकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, आता म्हणेल "तुझ्या हाताएवढी" आणि सुटेल. पण त्याने थंडीसाठी हातमोजे घातले होते, बोटांना वेगळी जागा नसलेले, पिशवीसारखे! यामना त्या पिशवीकडे पाहतच राहिली.

"चार आणि एक," ती म्हणाली.

तपासनीस बिचारा नम्र होता. "आजी, मला कळतं. पण याच बोलण्याने मागच्या वेळी घोटाळा झाला. या वेळी मला तुमच्या तोंडून ऐकून लिहायचंय."

"नाही बोलले तर शाळा चुकेल?"

"आकडा चुकू शकतो. आकडा चुकला तर..."

म्हातारी उठली. नातवंडांना आत बोलावलं आणि भिंतीकडे तोंड करून उभं केलं, धाकट्याचे तर कान दाबायला लावले थोरल्या नातीला. मला म्हणाली, "हद्दू, तू पण वळ." मी वळलो. मग ती स्वतः रित्या डोंगराकडे वळली, जिथे कोणी माणूस नाही, बकरी नाही, नजर लागावी असं काहीच नाही. बिस्मिल्लाह म्हटलं. आणि सत्तर वर्षांत जो शब्द तिने कोणासमोर उच्चारला नव्हता तो तिने डोंगराला सांगितला, चांगला खणखणीत. डोंगराने तो परत केला. मुलं भिंतीकडे तोंड करून खुसखुसत होती.

तपासनिसाने लिहिलं. म्हातारीने कागद मागून घेतला, चौकटीत पाहिलं, आणि म्हणाली, "एवढासाच असतो होय?"

सहा महिने झाले. धाकट्याला साधी सर्दीसुद्धा झालेली नाही. ती रोज बघते.

आज सकाळी पुलापर्यंत मुलींना सोडायला मी गेलो होतो. इज्जा पुढे होती, पाठीवर दप्तर. यामनाची थोरली नात मागे. पुलावरून इज्जाने वळून मला सलाम केला, आणि मी तो घेतला. परत येऊन माझ्या शाळेच्या वहीत पहिल्या दिवसाची नोंद केली. तामद्याच्या मुली किती ते तू विचारलंस. सवयीने पेन दोन चौकटी आखायला गेलं होतं. थांबवलं. खिडकी उघडली, डोंगराकडे तोंड केलं, बिस्मिल्लाह म्हटलं, आणि चार बोटांच्या हाताने स्वच्छ लिहिलं.

पाच.

तुझा दादा,
हद्दू